मामाचं फाल्कन

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मामा आणि मी मुंबईच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. विमानाला उशीर होता. बाहेर विमानं उभी राहतात त्या ॲप्रनचं काँक्रीट इतकं तापलं होतं की त्यावरची हवा हलताना दिसत होती, आणि दूरवरच्या गाड्या, शिड्या, माणसं सगळंच थोडं वितळल्यासारखं वाटत होतं. मामा चहा पीत होता. मध्येच त्याने कप खाली ठेवला, उठला आणि काचेशी जाऊन उभा राहिला. धावपट्टीच्या दिशेने एक लहानसं पांढरं विमान चाललं होतं. शेपटीजवळ तीन इंजिनं: दोन दोन्ही बाजूंना, तिसरं मधोमध, शेपटीच्या बुंध्यात. त्याच वेळी पलीकडच्या रांगेतून एक वैमानिक उठला, खांद्यावर चार पट्ट्या, बहुधा तोही आमच्याच विमानाने निघालेला, आणि मामाच्या शेजारी येऊन थांबला. विमान वळलं, धावलं, आणि धावपट्टी बरीचशी शिल्लक असतानाच वर गेलं. वैमानिक म्हणाला, "नाइन हंड्रेड." मामा म्हणाला, "हो. विंगलेट नंतर बसवलेत." थोडा वेळ दोघंही रिकाम्या आकाशाकडे बघत राहिले. मग वैमानिक म्हणाला, "मी उडवलंय." मामा म्हणाला, "मी उघडलंय." दोघं हसले, हात मिळवले आणि आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले. एकमेकांची नावंसुद्धा विचारली नाहीत.

मुंबईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

मामा मूळचा महालातला. नोकरीची सगळी वर्षं मात्र मुंबईत, कलिन्याच्या बाजूला खासगी विमानांची हँगर्स आहेत तिथे गेली. तो एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता होता. विमान तपासायचं, दुरुस्त करायचं आणि शेवटी कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. त्या सहीची जबाबदारी घेऊन जगणारी माणसं सहसा कमी बोलतात. मामाचंही तसंच आहे. लग्नातलं जेवण, भाच्यांचे मार्क, नवीन फ्लॅट, सगळ्यावर त्याचा एकच अभिप्राय असतो, "बरं आहे." विमानांबद्दलही तेच. त्याने अमेरिकन, कॅनेडियन, ब्राझिलियन, नाना तऱ्हेच्या विमानांवर काम केलं आणि त्यातली बरीच त्याच्या मते "बरी" आहेत. त्या दुपारी उडालेलं नाइन हंड्रेड हेही फाल्कनच, दसॉ या फ्रेंच कंपनीचं बिझनेस जेट, आणि फाल्कनचं नाव निघालं की मात्र हा माणूस खुर्चीत पुढे सरकतो, हातांनी हवेत आकार काढू लागतो आणि त्याची नागपुरी परत येते. "उघडून पाह्यलं न, की समजते," तो म्हणतो. "कोणी मन लावून बनवलं अन् कोणी नाही, ते आतून समजते."

बिझनेस जेट म्हटलं की आपल्याला आठवतात त्या गुळगुळीत चामड्याच्या खुर्च्या, लाकडाचं चकचकीत टेबल, खिडकीपाशी बसलेला कुणी उद्योगपती. ही विमानं विकली जातात तीही याच चित्रावर. पण काचेपाशी उभ्या राहिलेल्या त्या दोघांच्या बोलण्यात खुर्ची कुठेच नव्हती. एकाने उडवलं होतं, एकाने उघडलं होतं. दोघांपैकी कुणाच्याही सात पिढ्यांत असलं विमान विकत घेतलं जाण्याची शक्यता नाही. तरी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी फक्त संगीताच्या मैफलीत, एखादी जागा बरोबर लागल्यावर शेजारी बसलेल्या दोन अनोळखी रसिकांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. त्यानंतर मी मामाच्या मागेच लागलो. दर भेटीत थोडं थोडं विचारत गेलो, आणि मिळेल ते वाचत गेलो.

सुरुवात त्याने दांड्यांपासून केली. या आकाराच्या बऱ्याच विमानांमध्ये वैमानिकाच्या हातातल्या कंट्रोलपासून पंखावरच्या एलेरॉन आणि शेपटीवरच्या एलेव्हेटर या हलत्या पात्यांपर्यंत पोलादी तारा गेलेल्या असतात, कप्प्यांवरून वळवलेल्या. तारा ताणतात, थंडी-उन्हाने सैल-घट्ट होतात, कप्प्यांवर झिजतात, आणि मेकॅनिक वर्षानुवर्षं त्यांचा ताण मोजत बसतो. जुन्या फाल्कनमध्ये तारांच्या जागी धातूच्या दांड्या आहेत, एकीला दुसरी जोडत नेलेल्या, आणि त्यांच्या टोकाला तेलाच्या दाबावर पातं हलवणारा हायड्रॉलिक सर्वो, तोही दोन वेगवेगळ्या यंत्रणांवर चालणारा. एक गेली तरी दुसरी सांभाळते. ही लढाऊ विमानांची रीत. हँगरमध्ये नवीन पोरगा आला की मामा त्याला कॉकपिटमध्ये बसवायचा, कंट्रोल हलवायला सांगायचा आणि स्वतः बाहेर पंखाखाली उभा राहायचा. आत हात जरासा हलला की बाहेर एलेरॉन हलायचं, मध्ये कुठे ढिलाई नाही, कुठे अडखळणं नाही. "हे एकदा पाह्यलं की पोरगा दुसऱ्या विमानाले हात लावताना ढिल्या तारेवर रागावते," मामा म्हणतो. हायड्रॉलिकच्या जोरावर सगळं हलत असल्यामुळे वैमानिकाच्या हाताला हवेचा खरा दाब कळत नाही, म्हणून वेग वाढेल तसा कंट्रोल जड करणारी एक यंत्रणा मुद्दाम बसवलेली असते. फ्रेंच लोकांनी तिचं नाव आर्थर ठेवलंय आणि मॅन्युअलमध्येही ती त्याच नावाने येते. कलिन्याच्या हँगरमध्ये मे महिन्याच्या घामाघूम दुपारी "आर्थर बघून घे रे" असं कुणीतरी शिडीवरून ओरडतंय, हे मला ऐकूनच फार आवडलं.

मग तेल. मोठ्या प्रवासी विमानांत जे हायड्रॉलिक तेल असतं ते जांभळट रंगाचं, आगीला दाद न देणारं, पण कातडीवर उडालं की चुरचुरतं आणि डोळ्यांत गेलं तर माणूस नळाकडे धावत सुटतो. मामाच्या फाल्कनमध्ये लाल खनिज तेल. हाताला मऊ, वासाला सौम्य, आणि गळालं तर पांढऱ्या पत्र्यावर लाल रेघ लगेच दिसते. इतकी वर्षं झाली तरी मामाच्या जुन्या कपाटात एक सुती कापड आहे, त्याला तो लालसर डाग आणि तो वास अजून आहे. मामी ते टाकून देऊ म्हणते. तो देत नाही.

विमान मजबूत आहे असं प्रत्येक कंपनी म्हणते. फाल्कनच्या बाबतीत मला पटलं ते त्याच्या वाट्याला आलेल्या कामांवरून. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने फाल्कन २० ची ४१ विमानं घेतली, त्यांना गार्डियन नाव दिलं आणि समुद्रावर खाली उतरवून, खाऱ्या वाऱ्यात, बुडणाऱ्या बोटी आणि तस्करांच्या शोधात फिरवली. शेवटचं गार्डियन २०१४ मध्ये निवृत्त झालं. मुळात हे विमान बनवलं गेलं होतं दहाएक साहेबांना एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्यासाठी. आणि २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी उसळला, युरोपभर विमानं जमिनीवर खिळली, तेव्हा हवेत राख नक्की किती आहे हे मोजायला १९ एप्रिलला जर्मनीच्या अवकाश संशोधन संस्थेने जे विमान वर पाठवलं ते सत्तरच्या दशकात बांधलेलं फाल्कन २० होतं. सगळ्यांनी ज्या हवेला पाठ दाखवली होती तिच्यात जायला पस्तिशीतलं विमान निवडलं गेलं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एवढंच विचारलं, "परत आल्यावर इंजिन कोणी उघडलं असन?"

वैमानिकांची बाजू मला माझ्या ओळखीतल्या एका कॅप्टनकडून कळली. ती मामाच्या बाजूपेक्षा वेगळी असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला की बाकी विमानांत तू सिस्टीम चालवतोस, यात उडवतोस. मी जरा संशयाने ऐकलं, कारण असली वाक्यं वैमानिक कुठल्याही आवडत्या विमानाबद्दल बोलतात. पण मग तो पंखाच्या पुढच्या कडेवर आला. उतरताना ती कड पुढे सरकते, स्लॅट बाहेर येतात, पंखाचा आकारच बदलतो आणि विमान अंगात न मावणारा वेग सोडून देऊन शांतपणे सावकाश येतं. एका दमात बारा हजार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकणारं फाल्कन ८एक्स धावपट्टीकडे येताना ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास येतं, आणि त्याच्या आकाराच्या विमानासाठी हे फार कमी आहे. म्हणूनच लंडन सिटीसारख्या, उंच इमारतींच्या मधोमध असलेल्या आखूड विमानतळावर, जिथे नेहमीच्या ३ अंशांऐवजी ५.५ अंशांच्या उतारावरून खाली यावं लागतं, तिथे फाल्कन सहज जातात. "उतारावरून येताना विमानाची नाराजी हाताला कळते," कॅप्टन म्हणाला. "हे नाराज होत नाही." २००५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं ७एक्स हे संगणकामार्फत उडणारं, फ्लाय-बाय-वायर असलेलं पहिलं बिझनेस जेट. त्यात दांड्या गेल्या, बाजूला छोटी स्टिक आली. ती सोडून दिली तर विमान ज्या वाटेने चाललंय ती वाट धरून ठेवतं. मला वाटलं, मामाला हे रुचणार नाही, त्याच्या दांड्याच काढून टाकल्या. पण तो त्यावर वेगळ्याच कारणाने खूश होता. हे विमान कागदाऐवजी पूर्णपणे संगणकावर, दसॉनेच घडवलेल्या कॅटिया सॉफ्टवेअरमध्ये आखलं गेलं. आणि आखताना, या कोपऱ्यातला पंप बदलायचा झाला तर मेकॅनिकचा हात तिथे पोचतो का, पाना फिरवायला जागा उरते का, हे पडद्यावर आधीच तपासता आलं. हात पोचत नाही अशा जागी बसवलेले पंप काढण्यात मामाच्या आयुष्यातल्या कित्येक रात्री गेल्या आहेत.

तिसरं इंजिन हा दोघांचाही हळवा विषय. १९७६ मध्ये फाल्कन ५० उडालं तेव्हापासून ही तीन इंजिनांची वाट चालू आहे. मधल्या इंजिनाची हवा शेपटीच्या बुंध्यातल्या तोंडातून आत शिरते आणि नागमोडी वळण घेत खाली उतरते. रात्री समुद्रावर, जवळचा किनारा दीड-दोन तासांवर असताना, एक इंजिन गेलं तरी दोन उरतात, हा हिशेब वैमानिकाच्या मनात सतत चालू असतो. मेकॅनिकला मात्र तेच मधलं इंजिन खालून, मान वर करून, खांदे भरून येईपर्यंत बघावं लागतं. मामाने तक्रार म्हणून हे कधीच सांगितलं नाही. ते इंजिन काढून परत बसवल्याच्या दिवशी तो घरी गोड घेऊन यायचा, असं मामी सांगते.

हे सगळं आलं कुठून, याचं उत्तर कारखान्याच्या इतिहासात आहे. फाल्कन बनवणारी दसॉ तीच, जिने आपल्या हवाई दलाला १९५३ मध्ये तूफानी दिलं, मग मिस्तेर दिलं, मिराज २००० दिलं, राफेल दिलं. पहिल्या फाल्कनचं, म्हणजे फाल्कन २० चं, मूळ नावच मिस्तेर २०. १९६५ च्या युद्धात स्क्वाड्रन लीडर देवय्या सरगोध्यावर गेले ते मिस्तेरमधून. एकाच छताखाली, त्याच ड्रॉइंग बोर्डांवर, त्याच हातांनी एकीकडे लढाऊ विमान आणि दुसरीकडे साहेबांचं विमान घडत होतं. मामाचा एक मित्र ग्वाल्हेरला मिराजवर काम करून हवाई दलातून निवृत्त झाला आणि मग कलिन्याला आला. पहिल्या दिवशी त्याने फाल्कनचं एक झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, हे तर आपल्याच घरचं आहे. संस्थापक मार्सेल दसॉ यांची एक धारणा होती, की दिसायला सुंदर असेल ते विमान उडतंही चांगलं. इंजिनिअर मंडळी अशा विधानांवर मान हलवतात, पण मामाला ते मान्य आहे. त्याच्या मते सौंदर्य बाहेरच्या रंगात शोधू नये, झाकणाच्या आत पाइप कसे वळवलेत तिथे शोधावं.

त्या फाल्कन २० ची पहिली मोठी पारख केली तीही उडवणं आणि उघडणं दोन्ही जाणणाऱ्या माणसाने. मे १९६३ मध्ये बोर्दोजवळच्या मेरिन्याकला पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीची माणसं विमान बघायला आली, त्यांत सल्लागार म्हणून चार्ल्स लिंडबर्ग होते. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारे लिंडबर्ग तरुणपणी गावोगाव फिरणाऱ्या विमानांवर मेकॅनिकचं काम करत आणि नंतर टपालाची विमानं उडवत. त्यांनी विमान पाहिलं आणि पॅन ॲमचे प्रमुख ह्वान ट्रिप यांना तार केली, की आपल्याला हवा तो पक्षी सापडला. पॅन ॲमने ४० विमानं मागवली. मला त्या दृश्यात लिंडबर्ग विमानाच्या पोटाखाली वाकून बघताना दिसतात. तसं कुणी लिहिलेलं नाही, पण हँगरमध्ये मोठा झालेला माणूस दुसरं काय करणार?

कौतुकाच्या भरात मामा आंधळा होत नाही, हे मला ७एक्सच्या निमित्ताने कळलं. मे २०११ मध्ये क्वालालंपूरकडे उतरत असलेल्या एका ७एक्सचं नाक अचानक आपोआप वर जाऊ लागलं. शेपटीचं आडवं पातं स्वतःहून फिरत होतं आणि थांबत नव्हतं. नाक ४० अंशांहून वर गेलं, विमान १३,००० फुटांवरून २२,००० च्या वर फेकलं गेलं, वेग घसरत गेला. तेव्हा वैमानिकाने लष्करी उड्डाणात शिकलेली युक्ती वापरली. विमान जवळजवळ कुशीवर वळवलं, म्हणजे वर जाण्याचा जोर आडवा वळेल, आणि अडीच-एक मिनिटांनी पातं ताब्यात येईपर्यंत तसंच सांभाळलं. सगळे वाचले. जगभरची ७एक्स जमिनीवर उभी केली गेली. तपासात मूळ सापडलं ते पातं चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीत, एका सदोष सोल्डरिंगमध्ये. मामाने तो अहवाल प्रिंट काढून, पेन्सिलीने खुणा करत वाचला. मी विचारलं, आता काय वाटतं? त्याने चष्मा काढला. "वैमानिकाचे हात चांगले होते," तो म्हणाला. "अन् सोल्डर करणाऱ्याचा एक सेकंद वाईट होता. आमच्या धंद्यात हे दोन्ही लक्षात ठेवावं लागते." त्याच्या प्रेमाचा रंग यानंतर फिका पडला नाही. मला वाटतं तो जास्त गडद झाला, कारण कंपनीने सगळी विमानं खाली उतरवून मूळ शोधलं, बदललं आणि मगच पुन्हा वर जाऊ दिलं, हे त्याच्या लेखी विमानाच्या चांगुलपणातच मोडतं.

आणि तरी मला यात काहीतरी टोचत राहतं. एका माणसाला एका बैठकीसाठी न्यायला हे यंत्र जेवढं इंधन जाळतं, त्याचा विचार केला की नागपूरच्या उन्हात उभं राहून त्याचं कौतुक करायला जीभ अडखळते. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या शहरावरून ती तीन इंजिनं निघून जातात. मामाला हे कळत नाही असं नाही. तो केबिनमध्ये कामाला शिरायचा तो बूट काढून, खुर्च्यांवर चादरी घातलेल्या असताना. मोठ्या तपासणीनंतरच्या चाचणी उड्डाणात बसायचा तो पुढे, वैमानिकांच्या मागच्या छोट्या जंपसीटवर. मऊ खुर्चीत तो कधी बसला नाही आणि त्याला त्याची खंतही नाही. "मालक थोड्या वर्षांनी विमान बदलते," तो म्हणतो. "विमान मालक बदलत राहते, पण तपासणीले आमच्याकडंच येते." कॅनडात २०१२ मध्ये पेट्रोलियमचा थेंबही न मिसळता पूर्णपणे जैवइंधनावर उडालेलं पहिलं नागरी जेट फाल्कन २० होतं, हे मी त्याला मोठ्या आशेने सांगितलं. तो म्हणाला, चांगलं आहे, पण रोज उडालं पाहिजे. त्याच्या या उत्तराने माझं टोचणं थांबलं नाही. ते थांबावं असंही मला वाटत नाही.

नागपूरचा धागा मला फार उशिरा सापडला, आणि तो सापडल्यावर मी रात्रभर जागा होतो. १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर डकोटा विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही सोनेगावला येऊन एकत्र थांबत. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी इकडून तिकडे होत, आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या गावी परतत. देशाच्या मधोमध असलेलं हे शहर रात्रीच्या दोन-तीन तासांपुरतं सगळ्या पत्रांचं गाव व्हायचं. मामाची आई, म्हणजे माझी आजी, सांगायची की रात्री घराच्या गच्चीवर झोपलं की विमानांचे आवाज एकामागून एक यायचे. आता पुढचं. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेत मेम्फिस इथे १४ छोटी विमानं १८६ पाकिटं घेऊन याच पद्धतीने कामाला लागली: सगळ्या शहरांतून मध्यरात्री एका गावी यायचं, थैल्या बदलायच्या, पहाटेला परत. ती कंपनी फेडरल एक्स्प्रेस, आणि ती विमानं फाल्कन २०, साहेबांच्या खुर्च्या काढून बाजूला मोठं मालाचं दार कापलेली. त्या काळच्या अमेरिकन नियमात ७,५०० पौंडांपर्यंतचा भार नेणाऱ्या छोट्या विमानांना मोठ्या कंपन्यांसारखा परवाना लागत नसे, आणि फाल्कन त्या मापात बसलं. संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी एका मुलाखतीत, अशी पद्धत आधी कुणी वापरली होती हे सांगताना भारतीय टपाल खात्याचं नाव घेतलं होतं. त्या पहिल्या विमानांतलं एक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मी मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमच्या गच्चीवरून गेलेली रीत फाल्कननं पुढं चालवली." आणि मग, त्याच्या स्वभावाला न शोभेल इतक्या उत्साहाने, त्याने ते मामीला, शेजारच्या काकांना आणि दूधवाल्यालाही सांगितलं.

त्यामुळे नागपूर विमानतळालगतच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात जे चाललंय त्याच्याकडे आमच्या घरात बातमी म्हणून कुणी बघत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे दसॉ आणि रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली, २०१९ मध्ये फाल्कन २००० चा पुढचा, नाकाचा भाग तिथून तयार होऊन फ्रान्सला गेला. तो मेरिन्याकला जातो, तिथे विमान पुरं होतं, आणि मग केबिन सजवायला बरीच फाल्कन लिटल रॉकला जातात, त्याच गावी जिथे १९७१ मध्ये फेडरल एक्स्प्रेसची स्थापना झाली होती. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जाहीर झालं, की फाल्कन २००० आता पूर्णच नागपुरात जोडलं जाईल, फ्रान्सबाहेर पहिल्यांदा, आणि २०२८ पर्यंत पहिलं विमान इथून उडेल. बातमी आली त्या दिवशी मामाने पेपरची घडी केली आणि कपाटात, त्या लाल डागाच्या कापडाशेजारी ठेवली.

नागपूरच्या आयटीआयमध्ये दसॉच्या मदतीने विमानाच्या सांगाड्याचे फिटर तयार करणारा कोर्स आहे. मामाच्या गल्लीतली एक मुलगी तो करून अशाच कामाला लागली आहे. परवा ती पेढे घेऊन आली तेव्हा मीही तिथे होतो. मामाने पगार विचारला नाही, शिफ्ट विचारली नाही. तिला समोर बसवलं आणि विचारलं, भोकं पाडल्यावर कडा साफ करता का? ती म्हणाली, करतो, बोट फिरवून बघतो, मग दोन पत्र्यांच्या मध्ये सीलंट लावतो आणि तो ओला असतानाच रिव्हेट मारतो, जास्तीचा पुसून घेतो. "आतून पुसता का?" मामाने विचारलं. ती म्हणाली, "हो काका, आतून पण. तिकडं कोणी पाहत नाही म्हणा." "पाहते," मामा म्हणाला. "वीस वर्षांनी कोणीतरी उघडते अन् पाहते." मग त्याने माझ्याकडून कागद आणि पेन मागून घेतलं, कॉकपिटच्या फरशीखालचा कोपरा काढला, जिथे पाणी साचतं आणि गंज धरतो तो, आणि तिथे पेनाने गोल करत म्हणाला, "ह्या इथं. इथं आमचा हात जायचा नाही. तुमचा पोचते का?"

तिने कागद वळवून नीट पाहिला. "माझा पोचतो," ती म्हणाली.